जुलैत वेलिगामा गाठण्याची चूक

‘श्रीलंकेत सर्फिंगसाठी बारा महिने लाटा मिळतात’ असे मला ज्याने सांगितले, तो खोटे बोलला नव्हता. त्या एकाच किनाऱ्यावर बारा महिने मिळतात असे नाही, एवढे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. परिणामी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी दक्षिण किनाऱ्यावरील वेलिगामाच्या वाळूत सर्फबोर्ड काखोटीला मारून तीन दिवस उभा होतो. नैऋत्य मोसमी वारा तेथे समुद्रावरून थेट तोंडावर येतो, लाट नीट उभी राहण्याआधीच तिचा माथा मोडतो आणि मागे केवळ गढूळ फेस उरतो. नवशिक्यांचे वर्ग त्या फेसातही मजेत चालू होते. परंतु ज्याला लाटेच्या अंगावरून लांबवर सरकत जायचे आहे, त्याने वेलिगामा, मिरिस्सा किंवा हिक्काडुवा येथे नोव्हेंबर ते एप्रिल याच काळात जावे.

पावसाळ्यात जायचे असल्यास सरळ पूर्व किनाऱ्यावरील अरुगम बे गाठावे. तोच नैऋत्य वारा बेट ओलांडून तेथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दक्षिणेच्या महासागरातून आलेल्या लाटेला समोरून तोलून धरतो. मला हे समजेपर्यंत तीन दिवस वाया गेले आणि चौथा गाडीत गेला. उजाडल्याबरोबर पाण्यात उतरावे. उन्हे तापून खारे वारे सुटले की पाणी विस्कटते आणि गर्दीही वाढते. अरुगम बेजवळच्या व्हिस्की पॉइंट या सर्फिंगच्या जागेवरचे दोन दिवस उत्तम गेले, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

सांगायचे आहे ते अरुगम बेमधल्याच मेन पॉइंट या जागेबद्दल. मुंबईच्या उधाणात भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो, श्रीलंकेत तो एक मीटरही नसतो, म्हणून मी भरतीचे वेळापत्रक पाहिलेच नाही. हा शुद्ध मूर्खपणा होता. खाली खडक आणि प्रवाळ असताना अर्ध्या मीटरनेही सारे बदलते. लाट छान धरली, वळलो, आणि पायाखालून करवत चालल्यासारखा आवाज आला: बोर्डच्या बुडाचा फिन, म्हणजे दिशा सांभाळणारा पंख, खडकावर घासत होता. पुढच्या क्षणी मी पाण्यात, टाच फाटलेली, बोर्डच्या कडेला बोटभर लांबीची खोक. ओहोटीला येथे उतरू नये आणि उतरायचेच असेल तर रीफचे, म्हणजे खडक-प्रवाळापासून पाय वाचवणारे बूट घालावेत. ते घातल्यावर बोर्डचा अंदाज येत नाही ही तक्रार मीही करीत असे, आता करीत नाही.

खरा संताप मात्र किनाऱ्यावर आल्यावर झाला. भाड्याने बोर्ड देणाऱ्याने माझ्या खोकेबरोबर बोर्डच्या शेपटाकडची, म्हणजे मागच्या टोकाची, एक जुनी चीरही माझ्याच नावावर मांडली. त्या चिरेत कडेपर्यंत पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावतात ते वॅक्स काळपट होऊन मुरलेले होते, म्हणजे ती किमान काही आठवड्यांची होती. पण माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि ठेव त्याच्याकडे होती. बोर्ड हातात घेताना दोन्ही बाजू, दोन्ही कडा, शेपूट आणि फिनांची बुडे यांची छायाचित्रे देणाऱ्याच्या देखत काढावीत, ठेव म्हणून पासपोर्ट कदापि देऊ नये आणि दुरुस्तीचा दर आधीच लिहून घ्यावा. दुकानदार तो लिहून देण्यास कुरकुरला, तर शेजारचे दुकान गाठावे. हंगामात तेथे बोर्डांना तोटा नसतो.