३:३६ पर्यंत

मी पिट्सबर्गला फिजिओथेरपिस्ट आहे, रिहॅब सेंटरमध्ये. एका १३ ऑक्टोबरचं सांगते, डोक्यातून जातच नाही.

एक आजोबा होते, याच गावात वाढलेले, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. आठ दिवस झाले तरी चार पावलं टाकली की खुर्ची मागायचे. दुखण्यापेक्षा पडायची भीती जास्त, ते आम्हाला हातावरून कळतं, वॉकर इतका घट्ट धरायचे की बोटं पांढरीफटक. उशाशी बेसबॉलपटू रोबर्टो क्लेमेंटेचा फोटो, आमच्या पिट्सबर्गच्या पायरेट्स टीमचा २१ नंबर.

त्या दिवशी म्हणाले, आज व्यायाम नको, आज भिंत आहे. पायरेट्सचं जुनं मैदान, फोर्ब्स फील्ड, कधीच पाडलं, पण त्याची थोडी भिंत इथल्याच ओकलंड भागात ठेवलीय आणि दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमून १९६० च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे बेसबॉलच्या फायनलची, यांकीजविरुद्धची सातवी, निकाली मॅच रेडिओवरची जशीच्या तशी ऐकतात, अशी लावतात की पायरेट्सच्या मॅझेरॉस्कीची जिंकून देणारी होम रन (क्रिकेटच्या सिक्सरसारखी) बरोबर दुपारी ३:३६ ला यावी, तेव्हा आली होती तशी. यंदा मुलगा एकटाच गेलेला, आणि इथे फोन स्पीकरवर.

मला म्हणाले, सगळे मॅझेरॉस्कीचं नाव घेतात, पण आठव्या इनिंगला ऐक. दोन आउट, क्लेमेंटेचा बॉल अगदी साधा, टप्पे खात फर्स्ट बेसकडे गेला, दुसरा कोणी असता तर अर्ध्यात सोडून दिलं असतं, हा जीव तोडून पळाला, आणि याला आउट करायला बेसवर यायला हवा होता तो यांकीजचा पिचर (बॉल टाकणारा) पोचलाच नाही, म्हणून इनिंग चालू राहिली. मग हॅल स्मिथने तीन रनांची होम रन मारली. अकरा वर्षांचा होतो, म्हणाले, तेव्हापासून तो माझा. १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात पडलं, हे सांगताना आवाज बसला त्यांचा, इतक्या वर्षांनी.

आणि कॉमेंट्रीत तो बॉल आला तसे आजोबा उठले. मी नुसता कमरेचा पट्टा धरून मागे, एक शब्द बोलले नाही. वॉकर सरकवत पलंगापासून खिडकीपर्यंत गेले, बोटं सैल, आणि टेकून टेकून का होईना, ३:३६ पर्यंत तिथेच उभे राहिले. फोनमध्ये भिंतीपाशी एकच गलका झाला. माझ्या डोळ्यांत पाणी.

बसल्यावर म्हणाले, एप्रिलला पीएनसी पार्कला, पायरेट्सच्या आताच्या मैदानावर जायचंय. तिथली राइट फील्डची (मैदानाच्या उजव्या बाजूची) भिंत क्लेमेंटेसाठी २१ फूट उंच केलीय, आणि यांची सीट पार वर. किती पायऱ्या, मी विचारलं. त्यांना पाठ होत्या. दुसऱ्या दिवशी जिन्यापासूनच सुरू केलं.