हाना हेगेरोवा यांच्या तबकड्या कालक्रमाने लावताना : माझा अनुभव

गायिका आणि अभिनेत्री हाना हेगेरोवा २३ मार्च २०२१ रोजी प्रागमध्ये वारल्या, तेव्हा इथे करोनाचे निर्बंध कडक होते, नाट्यगृहे बंद होती आणि रेडिओवर त्यांची गाणी वरचेवर लागत होती. नोकरीनिमित्त या शहरात राहत असल्यामुळे त्यांची चार-दोन गाणी माझ्या कानावरून गेलेली होती. पण सलग ऐकू लागल्यावर एक अडचण लक्षात आली. बाजारात सहज मिळणाऱ्या संकलनांमध्ये तिशीतल्या हेगेरोवा आणि पन्नाशी ओलांडलेल्या हेगेरोवा शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. एका गाण्यात आवाज तलवारीच्या पात्यासारखा, तर लगेच पुढच्या गाण्यात जड, खालच्या पट्टीतला, आणि मधल्या पंचवीस वर्षांत काय घडले याचा ऐकणाऱ्याला काहीच पत्ता लागत नाही. म्हणून मूळ तबकड्या जमवायच्या, गाणी ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने लावायची आणि स्वतःच्या ऐकण्यापुरती त्यांची चांगली डिजिटल प्रत करायची, असे मी ठरवले. वैयक्तिक वापरासाठी अशी प्रत करण्यास झेक कायदा मुभा देतो. ती इंटरनेटवर चढवायची नाही, हे पथ्य मी पहिल्यापासून पाळले.

हेगेरोवा मूळच्या झेक नव्हत्या. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९३१ रोजी ब्रातिस्लावात झाला, म्हणजे त्या स्लोवाक. त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले, स्लोवाकियातील रंगभूमीवर कामे केली आणि १९५८ मध्ये त्या प्रागच्या रोकोको नाट्यगृहात दाखल झाल्या. तेथून १९६१ मध्ये त्या सेमाफोरमध्ये गेल्या. यिर्झी सुखी आणि यिर्झी श्लित्र या जोडीने १९५९ मध्ये सुरू केलेल्या या छोट्या नाट्यगृहाने त्या दशकातील झेक गाण्याचा सूरच पालटला. शब्द सुखींचे आणि चाल श्लित्रांची, अशी ती गाणी विनोदी, चतुर आणि थोडी तिरकस असत. कारेल काखिन्या यांच्या १९६३ च्या ‘नाद्येये’ या चित्रपटात रुदॉल्फ ह्रुशिन्स्की यांच्यासमोर हेगेरोवांची प्रमुख भूमिका आहे. तबकड्यांकडे वळण्यापूर्वी तो चित्रपट पाहावा, असे मी सुचवीन, कारण गाताना त्या जे करतात ते नेमके कुठून येते हे त्यात दिसते. संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी माणसाला नट आणि गायक एकच असण्याचे नवल वाटत नाही. मात्र आपल्याकडे पद सुरू झाले की नाटक थांबते आणि गायक ते हवे तितके रंगवतो, वन्समोअर घेतो. हेगेरोवा गात त्या शान्सोनमध्ये, म्हणजे फ्रेंच वळणाच्या शब्दप्रधान गाण्यात, तीन-चार मिनिटांच्या आत आख्खे नाटकच संपवायचे असते, आणि चाल कितीही गोड असली तरी तिला शब्दांपुढे जाऊ द्यायचे नसते.

तबकड्या मिळवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग ठरला. प्रागमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मागच्या बाजूला रेकॉर्डची खोकी असतातच आणि हेगेरोवांची एखादी एलपी, म्हणजे मोठी तबकडी, त्यांत हमखास सापडते. एका काळी झेक घराघरांत त्या असाव्यात, असे त्या खोक्यांवरून वाटते. या तबकड्या बहुतेक सगळ्या सुप्राफोन या सरकारी ध्वनिमुद्रण कंपनीच्या. त्या काळात ध्वनिमुद्रण हा सरकारी मक्ता होता; १९६० च्या दशकाच्या शेवटी पांतोन हे आणखी एक लेबल आणि १९७१ मध्ये स्लोवाकियासाठी ओपुस अशी भर पडली, तरी कारखाने, स्टुडिओ आणि परवानगी देणारे हात सरकारचेच. तबकड्या प्रागच्या नैर्ऋत्येस असलेल्या लोद्येनित्से गावी छापल्या जात. तो कारखाना आजही चालू आहे आणि व्हायनल छापणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांमध्ये त्याची गणना होते.

खरा गुंता क्रमाचा होता. सुप्राफोनच्या १९७० च्या दशकातील क्रमांकांची एक पद्धत आहे आणि ती उमगली की खोके चाळणे फार सुकर होते. पहिला अंक ० असेल तर मोनो, १ असेल तर स्टिरिओ. त्यानंतरचे १३ म्हणजे सुगम संगीताची मोठी तबकडी आणि ४३ म्हणजे त्याच प्रकारातली सतरा सेंटिमीटरची छोटी. मात्र या क्रमांकावरून तबकडी बाजारात साधारण केव्हा आली एवढेच समजते, गाणे केव्हा गायले गेले ते नाही. हेगेरोवांची पहिली एलपी ‘शान्सोनी स हानोउ हेगेरोवोउ’ १९६६ ची आहे, आणि तोवर त्यांना प्रागमध्ये गाऊ लागून आठ वर्षे झाली होती. त्या आठ वर्षांतले काम छोट्या तबकड्यांवर, रेडिओच्या फितींवर आणि सेमाफोरच्या अनेकांनी मिळून गायलेल्या तबकड्यांवर विखुरलेले आहे.

यावर उपाय म्हणून मी एक तक्ता केला. गाणे, संगीतकार, मूळ गीतकार, झेक गीतकार, साथीचा वाद्यवृंद, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, प्रथम कोणत्या तबकडीवर आले आणि पुढे कोणत्या सीडीवर गेले, असे त्याचे रकाने होते. तक्ता भरताना प्रागच्या महापालिका ग्रंथालयाच्या संगीत विभागाचा फार उपयोग झाला, कारण तेथे ध्वनिमुद्रिका घरी न्यायला मिळतात आणि नंतरच्या सीडींच्या पुस्तिकांमध्ये जुन्या गाण्यांची ध्वनिमुद्रणाची वर्षे बरेचदा छापलेली असतात. एखादे गाणे दोन ठिकाणी आले आणि वर्ष कुठेच छापलेले नसले, की लांबी सेकंदापर्यंत मोजायची, वाद्यमेळ ऐकायचा, आवाज मोनो आहे की दोन्ही बाजूंनी वेगळा येतो ते पाहायचे, असे मला करावे लागले. हे किचकट काम होते. पण त्यातूनच माझ्या एक गोष्ट ध्यानात आली : झेक गीतकाराचा रकाना बाकी सगळ्या रकान्यांपेक्षा अधिक बोलका आहे. पावेल कोप्ता हे नाव त्यात इतक्या वेळा येत गेले की पुढे पुढे मी गाणी वर्षाऐवजी गीतकारानुसार ऐकू लागले. मूळ गाणे फ्रेंच असो, जर्मन असो की अमेरिकेतून आलेले आईवरचे यिडिश वळणाचे असो, कोप्ता त्यातून प्रागच्या बिऱ्हाडात राहणारी एक बाई उभी करतात, आणि हेगेरोवा त्या बाईला चेहरा देतात. जर्मन पत्रकारांनी हेगेरोवांना फ्रेंच गायिका एदित पियाफ यांच्यावरून प्रागची पियाफ म्हटले. मला हे बिरूद आळसाचे वाटते. पियाफ बहुतेक वेळा स्वतःचे दुःख गातात अशी ऐकणाऱ्याची समजूत होते. हेगेरोवा मात्र दर गाण्यात दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगात शिरलेल्या असतात.

त्यानंतर प्रतीचे काम सुरू झाले. जुनी तबकडी आधी धुवावी लागते. डिस्टिल्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घालून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, लेबल ओले होऊ न देता ती पुसायची, पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायची आणि उभी करून वाळवायची. इतकी वर्षे सिगारेटच्या धुरात राहिलेल्या तबकडीतून निघणारे पाणी चहासारखे दिसते. मग सुईचा दाब दोन ग्रॅमच्या आसपास नेमका ठेवायचा आणि सुईकडून येणारा क्षीण सिग्नल फोनो प्रीअँप या तो वाढवणाऱ्या उपकरणातून संगणकात न्यायचा. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तीव्र स्वर मुद्दाम वाढवलेले असतात; प्रीअँप ते पूर्ववत करतो. छोट्या मोनो तबकड्यांसाठी एक युक्ती कामी आली : स्टिरिओ सुईने आलेले डावे-उजवे आवाज एकत्र करून मोनो केले की पृष्ठभागाची खरखर लक्षणीय उतरते, कारण त्यातला पुष्कळसा भाग दोन्ही बाजूंना सारखा नसतो.

यापुढच्या टप्प्यावर मात्र मी सर्वांत जास्त अडले. संगणकात आलेल्या गाण्यातले टक-टक आवाज काढून टाकणारी सोय ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रणालीतही असते आणि तिच्या भरवशावर अख्खी बाजू एका झटक्यात स्वच्छ होते. एखाद्या नृत्यगीताला ते चालून जाते. हेगेरोवांच्या गाण्यात नाही. त्या व्यंजनांवर अभिनय करतात. ओळ सुरू होण्यापूर्वी ओठ उघडल्याचा बारीक आवाज, शब्द संपताना मुद्दाम तोडलेला ‘त’, दाताआडून सोडलेला ‘स’, झेक भाषेतला तो घासत जाणारा ‘र्झ’, वाक्याच्या मध्ये घेतलेला आणि लपवण्याचा प्रयत्नही न केलेला श्वास, हे सगळे यंत्राच्या दृष्टीने धुळीच्या कणासारखेच असते. संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची लहर-रेषा मोठी करून पाहिली तर धुळीचा टोला एखाद्या सरळ, टोकदार काट्यासारखा दिसतो आणि लगेच संपतो. ‘त’ मात्र टोकाने सुरू होऊन पाठीमागे थोडा झुबका ठेवतो. हा फरक डोळ्यांना कळू लागल्यावर मी आपोआप स्वच्छ करण्याचा मार्ग पूर्णपणे सोडला आणि एकेक काटा हाताने काढत गेले. सततची सूक्ष्म खरखर तर मी हातही न लावता तशीच राहू दिली, कारण ती काढताना सर्वांत आधी श्वास जातो, आणि श्वास गेलेली हेगेरोवा म्हणजे एक चांगला आवाज असलेली कोणीतरी बाई. बाजूच्या शेवटच्या गाण्यांनी विशेष छळले : लेबलजवळ खाचेचा वेग कमी पडतो आणि ‘स’, ‘श’ फाटून येतात. त्यावर दुसरी, कमी वाजलेली तबकडी मिळवण्यापलीकडे इलाज नाही.

जर्मन गाण्यांची बाजू मी तुलनेने लवकर उरकली. साठच्या दशकात पॅरिसच्या ओलिंपिया या नामांकित संगीतगृहात गाऊन आलेल्या या गायिकेला पश्चिम जर्मनीतही श्रोते होते आणि तेथे तिच्या जर्मन तबकड्या निघाल्या. त्या उत्तम मुद्रित आहेत, वाद्यमेळ श्रीमंत आहे, तरीही मला त्या जरा दूरच्या वाटतात. जर्मनीतून टपालाने मागवलेल्या या प्रती बहुधा कमी वाजवलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना फारशी सफाई लागली नाही.

कालक्रम पूर्ण झाल्यावर ऐकण्यात जो फरक पडला, तो १९७० नंतरच्या भागात सर्वाधिक जाणवला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत गटाचे रणगाडे देशात घुसले, १९६९ च्या डिसेंबरात श्लित्र वारले, आणि १९७१ च्या ‘रेसिताल’ या तबकडीवर जी गायिका भेटते तिच्यातला सेमाफोरचा खट्याळपणा पुष्कळच मागे पडलेला आहे. त्या तबकडीतला राजकीय आशय शोधत बसण्याचा मोह मी टाळला. गाण्यांत तसे काही उघड नाही आणि असते तर ती छापलीच गेली नसती. मात्र गती उतरली आहे, विराम लांबले आहेत. पुढे १९७७ मध्ये ‘लास्को प्रोक्लेता’ आली. त्यानंतर थेट १९८७ चे ‘पोत्मेशिली होस्त’, ज्याची चाल पेत्र हाप्का यांची आणि शब्द मिखाल होराचेक यांचे. आधीचे अल्बम इकडून-तिकडून निवडलेल्या गाण्यांचे आहेत. हा मात्र एका संगीतकाराने आणि एका गीतकाराने पन्नाशीतल्या एका अभिनेत्रीसाठी बेतलेला आहे, आणि ते ऐकू येते. आधीच्या तबकड्यांवर त्या भूमिकांच्या मापात स्वतःला बसवत होत्या. इथे भूमिका त्यांच्या मापाच्या आहेत. त्यांच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत मला हाच अल्बम सर्वांत उंचीचा वाटतो.

१९९१ च्या ‘पाबेर्की’ या सीडीने माझ्या तक्त्यातल्या बऱ्याच रिकाम्या जागा भरल्या, कारण इतरत्र न बसलेली गाणी, एक प्रकारचा सरवाच, तिच्यात गोळा केलेला आहे. ‘रीमोवानी ओ झिवोते’ १९९७ चे. २००० मध्ये आलेल्या ब्रातिस्लावातील मैफलीच्या ध्वनिमुद्रणात त्या जन्मगावच्या श्रोत्यांसमोर गातात. तीच गाणी स्टुडिओत आणि तिथे ऐकून पाहिली की श्रोते कुठे हसतील हे ओळखून त्या ओळ कशी किंचित थांबवून धरतात, ते स्पष्ट कळते. शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘म्लीन्स्के कोलो फ स्र्दत्सी मेम’ २०१० चा, म्हणजे वयाच्या एकोणऐंशीच्या सुमारास मुद्रित झालेला. आवाज उरला आहे तेवढाच वापरलेला आहे. काही ओळी जवळजवळ बोललेल्या आहेत.

फाइलींना नावे देताना सगळी झेक चिन्हे जशीच्या तशी टंकायची आणि वर्ष सुरुवातीला लिहायचे, एवढी शिस्त पाळली की शोध सोपा होतो. प्रत २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर, आवाजातले काहीही न गाळणाऱ्या फ्लॅक स्वरूपात ठेवली. सफाई न केलेली मूळ नक्कलही वेगळ्या डिस्कवर राखून ठेवली, कारण पुढे अधिक चांगले साधन हाती आले तर पुन्हा तबकडी घासायला नको. ज्यांना झेक येत नाही आणि तरीही ऐकायचे आहे, त्यांना कालक्रमाने सुरुवात करायला मी सांगणार नाही. आधी १९८७ चा अल्बम सलग ऐकावा, मग १९६६ च्या एलपीकडे जावे आणि ब्रातिस्लावातील मैफल या दोन्हींनंतर लावावी. जर्मन तबकड्या सर्वांत शेवटी ठेवल्या तरी चालतील.