दीड एकर काढण्याआधी

परवा रात्री खानापूरहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, कॅनडाच्या कॉलेजात ॲडमिशन मिळतंय. फीसाठी रस्त्याकडची दीड एकर विकायला काढायची म्हणतोय. आप्पाही तयार झालेत." इथं कॅनडात मला झोप लागली नाही. त्या शेतात पावसाळ्यात आम्ही सगळी भावंडं भात लावायला उतरायचो. म्हणून हे त्याच्यासाठी लिहितोय, आणि बेळगावकडून मला हेच विचारणाऱ्या बाकीच्यांसाठीही.

भाऊ ३१ वर्षांचा. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आठ वर्षं वेल्डिंग करतोय. एजंटाने त्याला बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा गळ्यात घातलाय. शिकायला जाणं म्हणजे पीआर (कायम राहायचा परवाना) नव्हे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. शिक्षणानंतर वर्क परमिट, मग इथला अनुभव, मग पॉइंट, असा तो लांबचा रस्ता. त्यात १ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजच्या डिप्लोमानंतरचा वर्क परमिट ठरावीक विषयांनाच मिळतो, आणि मॅनेजमेंटचे बहुतेक डिप्लोमा त्या यादीत बसत नाहीत. मग जमीन विकून हाती काय राहणार?

दुसरा रस्ता एक्स्प्रेस एन्ट्रीचा, म्हणजे वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे पॉइंट मोजून पीआरसाठी निवड होते तो. यात वय फार नडतं. बायकोसह अर्ज केला तर २९ व्या वर्षापर्यंत वयाचे १०० पॉइंट, ३५ व्या वर्षी ७०, आणि ४५ झालं की शून्य. मी स्वतः २०२२ साली हिशेब मांडला तेव्हा ३८१ वर अडकलो होतो. त्या नोव्हेंबरात निवड ४९१ वर थांबली. कुठल्या प्रांताने नॉमिनेशन, म्हणजे आपली शिफारस, दिली तर एकदम ६०० पॉइंट मिळतात, पण तेव्हा माझ्या हाती तसलं काही नव्हतं.

मी मशिनिस्ट. मी आलो अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅममधून. न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड या चार प्रांतांसाठी तो आहे. पॉइंटांची चढाओढ नाही. प्रांताची मान्यता असलेल्या मालकाकडून नोकरी हवी, गेल्या पाच वर्षांत १,५६० तास कामाचा अनुभव हवा, आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या प्रत्येक विभागात पाच बँड असले की आपल्या धंद्याला भागतं. वेल्डर, मशिनिस्ट यांना बारावीपर्यंतचं शिक्षण पुरतं. अवघड आहे ते नोकरी मिळवणं. मला चौदा महिने लागले. २०२५ पासून कॅनडाने पीआरची एकूण संख्याच कमी केलीय, त्यामुळे आता जास्तही लागतील. पण त्या चौदा महिन्यांत माझा पगार चालू होता, आणि घरचं काही गहाण पडलं नाही.

माझा खरा जीव खाल्ला तो अनुभवाच्या पत्राने. उद्यमबागेतल्या मालकांनी लेटरहेडवर दोन ओळी दिल्या: सदर इसम आमच्याकडे मशिनिस्ट आहे, वर्तणूक चांगली. अशा पत्राचा उपयोग नसतो. आठवड्याचे तास, पगार आणि रोजची कामं लिहिलेली लागतात. एका रविवारी मी मालकांच्या शेजारी बसलो आणि सकाळपासून मशीनवर मी काय करतो ते सांगत गेलो. ड्रॉइंग वाचतो, टूल बसवतो, ऑफसेट टाकतो, पहिला पीस मायक्रोमीटरने तपासतो. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं, सही केली आणि म्हणाले, "एवढं काम करतोस होय रे तू?" ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. कामांची यादी इंटरनेटवरून जशीच्या तशी उतरवू नका, ती लगेच ओळखू येते.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत. आईचं नाव एकावर लक्ष्मी, दुसऱ्यावर लक्ष्मीबाई. जुन्या कागदांवर बेळगाव, २०१४ नंतरच्यांवर बेळगावी. दोन्ही भाषांतल्या कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि नावांचं ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा.

आणि नोकरी विकत घेऊ नका. नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेणं इथं बेकायदा आहे. पंधरा-वीस लाख मागणारा भेटला की फोन ठेवा.

भावाने काल त्याच्या मालकांचं पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोनच ओळी आहेत. येत्या रविवारी तो मालकांच्या शेजारी बसेल, मी इकडून फोनवर असेन.