तुम्ही विचारलंत म्हणून: सबटायटल टाकली की झालं ना?

नाटकवाले भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "रेकॉर्डिंग तर छान झालंय. आता खाली सबटायटल टाकली की कर्णबधिर प्रेक्षकांचं काम झालं ना? मग तुम्ही तालमीपासूनच का येऊन बसता?" विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. मी डिजिटल नाटकांसाठी कॅप्शन (संवादांबरोबर आवाज आणि संगीतही सांगणारा पडद्यावरचा मजकूर) आणि ध्वनिवर्णन (दिसणारं अंध प्रेक्षकांना बोलून सांगणं) लिहिते, आणि कर्णबधिर व अंध सहकाऱ्यांकडून ते तपासून घेते. माझं उत्तर आहे की तेवढ्याने होत नाही. नाटक कॅमेऱ्यातून गेलं की त्याची चौकट पक्की होते, वेळही पक्की होते. त्या चौकटीत आणि त्या वेळेत जे आधी धरलेलं नाही, त्याला नंतर जागा करणं फार अवघड जातं.

संवाद टाइप करणं हा त्यातला सोपा भाग. एक प्रवेश घ्या. बाई एकटी खुर्चीत बसली आहे. दारावर टकटक होते. ती उठत नाही. पुन्हा टकटक होते, या वेळी जोरात. तिची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली जातात. संवाद एकही नाही, म्हणून सबटायटलही एकही नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला काय दिसतं? एक बाई बसलेली आहे आणि मग कारण नसताना तिने खुर्ची घट्ट धरली. 'दारावर टकटक' एवढं लिहिलं तर निम्मं पोचतं. दुसऱ्या वेळी 'पुन्हा टकटक, जोरात' असं लिहावं लागतं, आणि ते बोटं आवळली जाण्याच्या क्षणभर आधी यावं लागतं. संगीताचंही तेच. नुसतं 'संगीत' लिहिणं म्हणजे काहीच न सांगणं. 'एकटं व्हायोलिन, मध्येच तुटतं' असं लिहिलं की प्रवेश कुठे चालला आहे ते कळतं.

विनोदाच्या जागा तर जपाव्याच लागतात. नट वाक्याच्या मधे थांबतो, प्रेक्षकांकडे बघतो आणि मग शेवटचा शब्द टाकतो. पूर्ण वाक्य एकाच कॅप्शनमध्ये आलं तर वाचणाऱ्याचं हसू नटाच्या आधीच येऊन गेलेलं असतं. म्हणून ते वाक्य दोन तुकड्यांत दाखवायचं. हे ठरवायला नटाचा विराम माहीत असावा लागतो आणि तो तालमीत ठरतो. थेट प्रक्षेपणात तर एक माणूस संहिता पुढे घेऊन बसतो आणि नटाच्या श्वासाबरोबर एकेक ओळ सोडतो. आपोआप कॅप्शन बनवणारी यंत्रणा हे करू शकत नाही. ती ऐकून झाल्यावर लिहिते, त्यामुळे मागे पडते, आणि कुजबुज, गाणं किंवा दोघांचं एकदम बोलणं आलं की गोंधळते.

वाचनाच्या वेगाबद्दलही विचारतात. बीबीसीच्या मार्गदर्शक सूचनांत मिनिटाला 160 ते 180 शब्द सांगितले आहेत, पण तो इंग्रजीचा हिशेब. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि शब्द लांबतात, म्हणून तो आकडा मी जसाच्या तसा उचलत नाही. कर्णबधिर सहकारी वाचून 'पुरलं' म्हणाले की तो वेग ठरला. देवनागरीत आणखी एक अडचण आहे. फोनच्या पडद्यावर अक्षर लहान झालं की अनुस्वार, रफार, उकार आधी दिसेनासे होतात. त्यामुळे अक्षर मोठं हवं आणि ओळींत अंतर जास्त हवं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांत साध्या मजकुरासाठी किमान 4.5 ला 1 धरला आहे. रंगमंचावरचा प्रकाश सारखा बदलत असतो, म्हणून कॅप्शनला स्वतःची गडद पट्टी द्यावी लागते. आता ही पट्टी नटाच्या हातांवर येणार की रिकाम्या जमिनीवर, हे चित्रीकरणाच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त गैरसमज असतो तो खुणांच्या भाषेबद्दल. 'वाचता येतं ना, मग झालं' असं लोकांना वाटतं. लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्या कितीतरी जणांसाठी लिहिलेली भाषा ही दुसरी भाषा असते. नाटक दुसऱ्या भाषेत वाचणं आणि आपल्या भाषेत बघणं यात किती फरक आहे, ते कुणाला सांगायला नको. शिवाय खुणांची भाषा जगभर एकच नाही. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या खुणांच्या भाषा इतक्या वेगळ्या आहेत की एक येणाऱ्याला दुसरी आपोआप कळत नाही.

मग कोपऱ्यात एक छोटी खिडकी करून दुभाष्याला उभं करतात. त्या खिडकीत चेहरा नखाएवढा दिसतो. खुणांच्या भाषेचं बरंच व्याकरण चेहऱ्यावर चालतं. प्रश्न आहे की विधान, हे भुवया सांगतात. चेहरा दिसला नाही तर वाक्य अर्धंच पोचतं. आणि डोळे तर दोनच. दुभाष्याकडे पाहावं तर नट सुटतो, नटाकडे पाहावं तर संवाद. म्हणून दुभाषी नटांच्या शेजारीच, त्याच प्रकाशात, त्याच हालचालीत बांधलेला असावा असा माझा आग्रह असतो. त्याहून उत्तम म्हणजे कर्णबधिर नटालाच भूमिका द्यावी.

संकलकांना एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगते. बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट घ्यायची त्यांना सवय असते. आवाज चालूच असतो, त्यामुळे वाक्य तुटत नाही. खुणांनी बोलणाऱ्या नटावरून असा कट घेतला की त्याचं वाक्य तिथेच संपलं. ऐकू येणाऱ्याला शांतता वाटते, कर्णबधिराला बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटतं. क्लोजअपमध्ये हात कापले गेले तरी तेच होतं, प्रकाश मालवला तरी तेच. चित्रीकरण होऊन गेलेलं असेल आणि दुसऱ्या कोनातून टिपलेलं काही नसेल, तर मी कितीही कॅप्शन लिहिली तरी ते हात परत आणता येत नाहीत.

यात नवीन काही नाही. अमेरिकेत नॅशनल थिएटर ऑफ द डेफ ही कर्णबधिरांची नाट्यसंस्था 1967 पासून आहे, तशीच लॉस एंजेलिसची डेफ वेस्ट 1991 पासून. ब्रिटनमध्ये 1980 साली निघालेली ग्रायाय ही अपंग कलावंतांची संस्था कॅप्शन, वर्णन आणि खुणांची भाषा हे सगळं नाटकाच्या घडणीतच धरते. अनेक वर्षं तिचं दिग्दर्शन सांभाळलेल्या जेनी सीली स्वतः कर्णबधिर आहेत. लंडनच्या 2012 च्या पॅरालिम्पिकचा उद्घाटन सोहळा ज्या दोघांनी उभा केला, त्यांपैकी त्या एक. कर्णबधिर आणि अपंग माणसं रंगमंचावर आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीत असली की सुलभतेचे प्रश्न आपसूक पहिल्या दिवशी निघतात.

अंध प्रेक्षकांसाठी वेळेची जागा लागते. नाटकाचं ध्वनिवर्णन 1981 मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर सुरू झालं. त्यामागे असलेल्या मार्गारेट फॅनस्टील स्वतः दृष्टिहीन होत्या. काम सांगायला सोपं आहे: दोन संवादांच्या मधल्या फटीत, पडद्यावर काय घडलं ते सांगायचं. पण ती फट कधीकधी तीन-चार सेकंदांचीच असते. 'ती चिठ्ठी उचलते, वाचते, चुरगळून खिशात टाकते.' एवढं मावतं. चिठ्ठी कुठल्या रंगाची, खोलीत आणखी कोण आहे, हे सोडून द्यावं लागतं. 'ती दुःखी होते' असंही म्हणायचं नाही. खांदे पडले, मान फिरली, हे सांगायचं. दुःख आहे की राग, हे प्रेक्षक स्वतः ठरवेल, डोळस प्रेक्षक ठरवतो तसंच. लेखक तालमीला असला तर मी त्याला विचारते, इथे अर्धा श्वास वाढवता येईल का? कधी तो ती कृती समोरच्या पात्राच्या तोंडीच घालतो: "चिठ्ठी चुरगळू नकोस, दे इकडे." मग तिथे माझी गरजच उरत नाही, आणि असा प्रवेश मला सगळ्यात आवडतो.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. तिकिटाच्या पानावर फक्त चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चा असेल, तर अंध माणूस दारातूनच परत जातो. प्लेअर नुसत्या कीबोर्डवर चालायला हवा. प्रकाशाची लखलख एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा होऊ नये, कारण काहींना त्याने फिटचा झटका येतो. आणि संवाद व वर्णन दोन्ही असलेली पूर्ण लिखित प्रत द्या. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, ते ती ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर उठावदार ठिपक्यांत उमटवणाऱ्या यंत्रावर, बोटांनी वाचतात. त्यांच्यासाठी तेच नाटक असतं.

2020 मध्ये थिएटरं बंद झाली, नाटकं घरात आली, आणि अंथरुणाला खिळलेल्या कितीतरी माणसांना वर्षानुवर्षांनी नाटक बघता आलं. थिएटरं उघडल्यावर अनेकांनी ते ऑनलाइन दार लावून घेतलं. मला ते अजून सलतं. अपंगांना नाटक सुलभ रूपात मिळावं असं संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातल्या 30 व्या कलमात लिहिलेलं आहे. ते मिळणं हा कुणी केलेला उपकार नव्हे.

हे सगळं ऐकल्यावर बहुतेक जण पुढचा प्रश्न विचारतात: "आमचं रेकॉर्डिंग तर होऊन गेलंय. आता काय करायचं?" ते टाकून देऊ नका. आवाजांसकट कॅप्शन करा. वर्णनाला फट नसेल तिथे चित्र काही सेकंद थांबवून वर्णन घालता येतं, तशी वेगळी आवृत्ती काढा. नेपथ्य, वेशभूषा आणि कुणाचा आवाज कसा आहे याची छोटी श्राव्य ओळख सुरुवातीला जोडा. लिखित प्रत द्या. प्रकाशित करण्याआधी एका कर्णबधिर आणि एका अंध माणसाला मानधन देऊन दाखवा आणि ते सांगतील ते बदला. आणि पुढच्या नाटकाचं पहिलं वाचन कधी आहे ते त्यांना आत्ताच कळवा.