फॉर्म बी, बारा बकऱ्या आणि एक रकाना

एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) सर्जरी घेतली तेव्हा वाटलं होतं, पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने ऑपरेशन करायचं काम हाताला जड जाईल. ते खोक्यात ठेवलेल्या संत्र्याच्या फोडी पडद्यावर बघून सोलता-सोलता जमलं. अडलो ते फॉर्म बीच्या, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगी-अर्जाच्या, एका रकान्यात.

विषय साधा होता: बकरीची अंडाशयं काढायला तीन छिद्रांऐवजी दोन पुरतात का? बारा बेरारी बकऱ्या, सहा-सहाचे दोन गट. फाइल आधी संस्थेच्या नीतिसमितीकडे आणि बकरी ‘मोठा प्राणी’ म्हणून तिथून दिल्लीला, केंद्राच्या समितीकडे. उंदीर-सशांवर काम करणारे मित्र नागपुरातच सुटले.

नीतिसमितीच्या बैठकीला केंद्राने नेमलेला सदस्य लागतोच. ते दोनदा आले नाहीत. मे महिना, ४५ अंश, आणि मी कॉरिडॉरमधल्या कूलरपुढे फाइल घेऊन उभा. १९०१ साली जर्मनीत केलिंग नावाच्या डॉक्टरने जिवंत कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बीण घातली, त्याला कोणी फॉर्म बी मागितला होता का, हे मी तेव्हा हॉस्टेलवर दिसेल त्याला ऐकवत होतो.

तिसऱ्यांदा बैठक झाली. समितीत शास्त्रज्ञ नसलेला एक सदस्य असतो. आमच्याकडे एक काकू होत्या. त्यांनी शेवटून पान उघडलं.

“बेटा, ऑपरेशननंतर या बकऱ्यांचं काय करणार?”

“बऱ्या झाल्या की शेतकऱ्याच्या कळपात परत.”

“अंडाशय काढल्यावर ती व्याणार नाही ना? मग कोणता शेतकरी ठेवीन तिला?”

खोलीतल्या सगळ्यांना उत्तर माहीत होतं. कोणी बोललं नाही. फाइल परत.

महिनाभर धुसफुसत होतो. माझ्या मार्गदर्शक सरांना म्हटलं, “बाजारातल्या बकऱ्या तशाही कापल्याच जातात.” सर म्हणाले, “मग रकान्यात तेच लिही. मी सही करत नाही.” शेवटी विषयच बदलला. आता दोन छिद्रांतून यकृताचा तुकडा घ्यायचा. बकरीला डाव्या कुशीवर झोपवून उजवीकडून आत जायचं, आणि ती पुढे गाभण राहू शकते. नवा फॉर्म, पुन्हा बैठक, पुन्हा दिल्ली. सगळे मिळून आठ महिने गेले, त्यातले प्रत्यक्ष ऑपरेशनचे अकरा दिवस.

हो, प्राणी किती घ्यायचे त्या संख्येचंही सांगतो. “मागच्या प्रबंधात सहाच होत्या” हे कारण चालत नाही. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० मध्ये यायला हवं. बारातून दोन गेले, दहा. काठावर पास. हे आधी कळलं असतं तर एक फेरी वाचली असती.

बकरी रवंथ करणारी, म्हणून आदल्या दिवसापासून उपाशी ठेवा, आणि श्वासनलिकेत फुगा (cuff) असलेली नळी घातल्याशिवाय झोपवू नका. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात. पोट फुगवायला भरतात त्या गॅसचा दाब कमीच ठेवा, आम्ही ८ मिमी पाऱ्यावर भागवलं. आणि घरून थर्मास आणा. थंड दुर्बीण आत गेली की भिंगावर धुकं धरतं. गरम सलाईनमध्ये बुडवून, पुसून घातली की चित्र लख्ख.

पहिली बकरी त्याच संध्याकाळी सुबाभळीचा पाला ओढत होती. हिंगण्याकडच्या ज्या शेतकऱ्याने ती नेली, त्याचा परवा फोन आला, जुळी झाली म्हणून. काकूंना कळवावंसं वाटतं. पण त्यांचा नंबर त्या फाइलीत असेल, आणि फाइल मागायला त्या खिडकीवर मी काही आता जात नाही.