लग्नाच्या शूटिंगपासून गोठ्यापर्यंत: आमची वाटचाल

संगमनेर तालुक्यात आमचा फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे. पूर्वी सगळी मदार लग्नसराईवर. २०२० मध्ये लग्नं थांबली आणि गावातल्या दूध संकलन केंद्राच्या चालकांनी विचारलं, कासदाहावर मोबाईलवर बघता येईल असं काही करून द्याल का? कासदाह म्हणजे जनावराच्या कासेचा आजार, आमच्याकडची दगडी. तिथून आम्ही गोठ्यात शिरलो ते आजतागायत.

पहिलाच व्हिडिओ सुप्त कासदाहाचा होता. यात कास सुजत नाही, दूधही डोळ्यांना चांगलंच दिसतं. फक्त दूध कमी होतं, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातला बाकीचा घन भाग) उतरतो आणि दर कापला जातो. डॉक्टरांनी चार कप्प्यांच्या पॅडलमध्ये चारही सडांचं थोडं थोडं दूध घेतलं, तेवढंच चाचणीचं द्रावण घालून गोल फिरवलं. तीन कप्पे पातळच राहिले, चौथ्यात शेंबडासारखा दाट गोळा झाला. कॅमेरा आम्ही त्या कप्प्यावरून हलवलाच नाही. पुढे एवढंच सांगितलं की धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, म्हणून सड जंतुनाशकात बुडवा आणि गव्हाणीत चारा टाका. गाय अर्धा तास उभी राहिली पाहिजे. व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत, उभ्या चौकटीत, डोंगराकडच्या रेंजमध्येही उतरेल इतका हलका. आजही हाच साचा आहे. एका व्हिडिओत एकच गोष्ट.

खरी कसोटी लागली २०२२ मध्ये. ऑगस्टमध्ये जळगावकडून लंपीच्या, म्हणजे गायीगुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीच्या रोगाच्या, बातम्या यायला लागल्या, सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले. रोगापेक्षा अफवा वेगानं पसरत होत्या. कोणी म्हणे दूध पिऊ नका, कोणी म्हणे लस दिली की जनावर दगावतं. लंपी माणसाला होत नाही आणि दूध उकळून प्यायला हरकत नाही, हे गावच्या सरकारी डॉक्टरांनी कॅमेऱ्यासमोर स्वतः दूध पिऊन सांगितलं. लसीचा मुद्दा अवघड होता. गायींना शेळ्यांच्या देवीची लस दिली जात होती आणि प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. तेवढ्यात एखादी गाय आजारी पडली की खापर लसीवर फुटायचं. म्हणून लस टोचल्यानंतरही माशा, डास, गोचीड यांचा बंदोबस्त कसा ठेवायचा, आजारी जनावर वेगळं कसं बांधायचं आणि प्रत्येक जनावराला सुई नवी का हवी, हे एकेक करून दाखवलं. अंगावरच्या गाठी आणि माशी चावल्यावर उठणारी गांध यांतला फरक दाखवणारा व्हिडिओ सर्वांत जास्त फिरला. लोक रात्री गोठ्यातून फोटो पाठवायचे, आम्ही ते डॉक्टरांकडे पोचवायचो. त्या महिन्यांत झोप अशी नव्हतीच, पण हे काम सोडायचं नाही हे तेव्हाच ठरलं.

एक गोष्ट मात्र गावोगाव फिरल्यावरच कळली. व्हिडिओ जातो घरच्या पुरुषाच्या मोबाईलवर आणि धार काढते बाई. एका मावशींनी स्पष्टच विचारलं, "दादा, तुमचं ते सड बुडवायचं आम्हाला कोण दाखवणार?" तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत आणि सकाळी केंद्रावर, कॅनच्या रांगेत, टॅबवर व्हिडिओ लावतो. चित्रीकरणातही आता धार काढणारे हात बायकांचेच असतात.

औषधाचं नाव आणि मात्रा आम्ही कधीच दाखवत नाही. जाहिरातीसाठी औषध दुकानदारांनी पैसे देऊ केले तरी नाही. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते आणि अर्धवट दिलेलं प्रतिजैविक पुढे लागू पडत नाही. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक असतो. खर्च दूध केंद्रं भागवतात. लग्नाइतका पैसा यात नाही, म्हणून हंगामात लग्नंही घेतो.

सध्या पठार भागातल्या मेंढपाळांसाठी काम चालू आहे. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) लस का घ्यायची, पीपीआर या साथीच्या रोगाचं शेळी-मेंढीतलं पहिलं लक्षण कसं ओळखायचं, असे विषय आहेत. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे (कळपासह फिरणारी कुटुंबं) कोकणाकडे उतरले की त्यांना नेट मिळेलच असं नाही. म्हणून ते निघण्याआधीच, लसीकरणाच्या ठिकाणी, व्हिडिओ थेट त्यांच्या मोबाईलमध्ये भरून देतो. धनगरी बोलीतला आवाज त्यांच्यातल्याच एका शिकलेल्या मुलीनं दिला आहे.