शून्य रुपयांचा अर्ज आणि सातवीचा फोटो-संपादनाचा वर्ग

शाळेच्या संगणकांवर एक विनामूल्य प्रोग्राम बसवून मिळावा म्हणून केलेल्या अर्जातील ‘अंदाजित किंमत’ या रकान्यात मी शून्य लिहिले म्हणून माझा अर्ज तीन वेळा परत आला, आणि त्यापायी सातवीच्या ३६ मुलांचे ११ शनिवार गेले. या गोष्टीला आता वर्ष होत आले, तरी तो रकाना आठवला की मला आजही राग येतो. शाळेत मुलांना फोटो-संपादन शिकवू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाचे तरी तेवढे आठवडे वाचावेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. शाळेचे आणि संस्थेचे नाव मी लिहिणार नाही, कारण शाळेतील सर्वांनी मला मनापासून साहाय्य केले.

मी पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका छापखान्यात २६ वर्षे छपाईपूर्व विभागात काम केले. निवृत्त झाल्यावर घराजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास वर्ग घ्यायचा, मुलांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांतून त्यांना नवे चित्र घडवायला शिकवायचे, असे मी ठरवले. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच दिवशी होकार दिला. संगणक कक्षात १२ संगणक चालू स्थितीत होते, सगळे विंडोज ७ चे आणि २ जीबी रॅमचे. अशा संगणकांवर चालेल, लेयर (म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) असतील आणि एक पैसाही लागणार नाही असा फोटो-संपादनाचा प्रोग्राम म्हणून मी गिम्प निवडला. त्याची २.१० ही आवृत्ती विंडोज ७ वर चालते, हे मी घरच्या जुन्या संगणकावर पडताळून पाहिले होते. जुलैच्या पहिल्या शनिवारी वर्ग सुरू होईल, असे मी मुलांना सांगूनही टाकले. तसे सांगायला नको होते.

संगणकांवर काहीही नवीन बसवायचे तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो, आणि तो शाळेकडे नव्हता. वार्षिक देखभालीचे कंत्राट ज्यांच्याकडे होते, त्यांच्या तंत्रज्ञाकडे तो होता, आणि संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयाचे लेखी पत्र आल्याशिवाय तो संगणकाला हात लावणार नव्हता. म्हणून मी त्या कार्यालयात गेले. तिथे मला संगणक प्रणालीच्या खरेदीचे मागणीपत्र भरायला दिले. प्रणालीचे नाव, पुरवठादाराचे नाव, अंदाजित किंमत आणि सोबत तीन दरपत्रके, असा तो छापील नमुना होता. मी नावापुढे गिम्प, किमतीपुढे शून्य आणि पुरवठादारापुढे ‘लागू नाही’ असे लिहून दिले. नऊ दिवसांनी अर्ज परत आला आणि त्यावर ‘दरपत्रके जोडावीत’ असा शेरा होता.

मी पुन्हा गेले. बाकावर सव्वा तास बसल्यावर संबंधित लिपिकांची भेट झाली. हा प्रोग्राम कुणीच विकत नाही, तो १९९५ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि आज जगभरातील स्वयंसेवक तो सांभाळतात, त्यामुळे त्याचे दरपत्रक देणारा विक्रेताच नाही, हे मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, किंमत नसेल तर ती खरेदी नाही, आणि खरेदी नसेल तर हा अर्ज माझ्या टेबलावर येत नाही.” मग तो कुठल्या टेबलावर जातो, असे मी विचारले. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. माझा राग त्या गृहस्थांवर नाही, कारण ते सभ्यपणे बोलले. माझा राग त्या नमुन्यावर आहे. जी वस्तू पैसे मोजून घ्यावी लागत नाही, तिच्यासाठी त्या कागदावर जागाच ठेवलेली नाही, आणि ज्या शाळांकडे पैसे नाहीत त्यांचेच त्यामुळे सर्वांत जास्त अडते.

दुसऱ्या वेळी मी अर्जासोबत एक पानाचे स्पष्टीकरण जोडले. ‘परवान्याची प्रत जोडावी’ असा शेरा मारून अर्ज परत आला. गिम्पचा परवाना जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या नावाने ओळखला जातो. मी त्याची सगळी पाने छापून आणली, त्यातील महत्त्वाच्या अटींचा मराठीत गोषवारा लिहिला आणि तिसऱ्यांदा अर्ज दिला. या वेळी शेरा होता, ‘अधिकृत विक्रेत्याचे प्रमाणपत्र आवश्यक’. तोवर ऑगस्टचा मध्य उलटून गेला होता. दर शनिवारी शाळा सुटताना दोन-तीन मुली फाटकाशी थांबून “बाई, आज आहे का?” असे विचारत, आणि मी मान हलवली की काही न बोलता निघून जात. मोठ्यांना एखादा महिना पुढे-मागे झाला तर चालते. सातवीच्या मुलांचे तसे नसते. जूनमध्ये डोक्यात घेतलेली गोष्ट त्यांना जुलैतच हवी असते आणि ऑगस्टमध्ये त्यांचे मन दुसरीकडे गेलेले असते.

मधल्या काळात मी पळवाटाही शोधल्या. त्या उपयोगी पडल्या नाहीत, पण दुसऱ्या शाळेत पडू शकतील. गिम्पची एक पोर्टेबल आवृत्ती असते. ती संगणकावर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालते. मी तपकीर गल्लीतून चार पेनड्राइव्ह आणले, पण विद्यार्थ्यांच्या खात्यातून यादीबाहेरचा कोणताही प्रोग्राम चालू नये अशी व्यवस्था कंत्राटदाराने करून ठेवली होती, त्यामुळे पडद्यावर नकाराचा संदेश आला. फोटोपी हा ब्राउझरमध्ये चालणारा संपादक चांगला आहे आणि त्याची मांडणी फोटोशॉपसारखी आहे. मात्र तो उघडण्यासाठी इंटरनेट लागते, आणि आमच्या कक्षात ते फक्त शिक्षकांच्या संगणकाला जोडलेले होते. तुमच्या शाळेत इंटरनेट असेल, तर हा सगळा खटाटोप न करता फोटोपीवरच वर्ग सुरू करावा, असे मी निःसंकोच सांगेन.

वाट सापडली ती पर्यवेक्षिकाबाईंच्या एका साध्या बोलण्यातून. माजी विद्यार्थ्यांनी वाचनालयासाठी पुस्तकांचे कपाट दिले होते आणि त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, करायची होती. त्याला दरपत्रके लागली का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “नाही हो, ती देणगी आहे. देणगीपत्र आणि मुख्याध्यापकांची सही, एवढे पुरते.” मी तिथल्या तिथे खुर्चीवरून उठले. जीपीएल परवान्याने प्रोग्रामची प्रत काढण्याचा आणि ती दुसऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला मिळतो, म्हणजे मी माझ्याकडची प्रत शाळेला कायदेशीरपणे देणगी म्हणून देऊ शकत होते. नोंदवहीत प्रत्यक्ष वस्तू दाखवावी लागते, म्हणून गिम्पची इन्स्टॉल करण्याची फाइल आणि परवान्याचा मजकूर मी एका सीडीवर घेतला. त्यासोबत देणगीपत्र दिले, ज्यातील मुख्य वाक्य असे होते: ‘सोबतच्या सीडीवरील गिम्प ही छायाचित्र-संपादन प्रणाली तिच्या परवान्यानुसार मुक्तपणे वापरता व वाटता येते, तिची प्रत मी शाळेस शैक्षणिक साहित्य म्हणून विनामूल्य देत आहे.’ दुसऱ्या दिवशी नोंदवहीत अनुक्रमांक पडला. शाळेने तो अनुक्रमांक घालून संस्थेला पत्र पाठवले, संस्थेने कंत्राटदाराला कळवले, आणि गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात तंत्रज्ञ येऊन १२ संगणकांवर गिम्प बसवून गेला. त्याला ४० मिनिटे लागली.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर खरेदीचा नमुना हातात घेऊच नका, पहिल्याच दिवशी देणगीपत्र लिहा. आणि तंत्रज्ञ आलेला असतानाच आणखी एक काम करून घ्या, जे मला पुढे स्वतः करावे लागले. गिम्पच्या नव्या मांडणीत एकाच चिन्हामागे अनेक साधने दडलेली असतात आणि मुलांना ती सापडत नाहीत. प्रेफरन्सेसमध्ये टूलबॉक्सच्या भागात साधनांचे गट करण्याचा पर्याय आहे, तो प्रत्येक संगणकावर बंद करावा.

वर्ग सुरू झाल्यावर मुले इतक्या वेगाने पुढे गेली की मला सांगण्यासारख्या अडचणी थोड्याच आहेत. एका संगणकावर तीन मुले, दर २५ मिनिटांनी माउस पुढच्याच्या हातात, असा नियम होता. लेयर म्हणजे काय हे मी संगणक बंद ठेवून शिकवले. ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीटांपैकी एकीवर दरवाजा, दुसरीवर मांजर, तिसरीवर पाऊस असे मुलांनी मार्करने काढले आणि शीट खाली-वर करून पाहिल्या. मांजर पावसाच्या पुढे की मागे, यावर त्यांचा जो वाद झाला, त्यात लेयरचा क्रम त्यांना पक्का समजला. लेयर मास्कसाठी, म्हणजे लेयरचा भाग न पुसता नुसता लपवणाऱ्या पडद्यासाठी, मात्र दोन शनिवार द्यावेत. पांढरा रंग दाखवतो आणि काळा लपवतो, हे पाठ होते, पण हाताला वळण लागायला वेळ जातो. त्याचा लाभ असा की खोडरबराने पुसलेला भाग कायमचा जातो, मास्कने लपवलेला भाग पांढऱ्या रंगाने परत आणता येतो, आणि हे कळल्यावर भित्री मुलेही धीटपणे काम करू लागतात.

छायाचित्रांसाठी आम्ही एका सकाळी शनिवारवाड्यासमोर आणि महात्मा फुले मंडईत गेलो. पालकांचे पाच मोबाइल होते. वस्तू आणि इमारतींचेच फोटो काढायचे, कुणाच्या चेहऱ्याचा नाही, हा नियम मी आधीच घातला होता आणि तो पुढेही ठेवावा असे मला ठामपणे वाटते. या वयात दुसऱ्याच्या चेहऱ्याची मोडतोड करण्याचा मोह फार होतो आणि त्यातून वर्गात एखाद्याचे मन दुखावते. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवावेत, नाहीतर ते आक्रसून येतात.

पहिल्या तासाला संगणक अडखळू लागले, त्याचे कारण मोबाइलच्या फोटोंचा आकार हे होते. फाइल तीन-चार एमबीची दिसते, पण ४००० बाय ३००० पिक्सेलचे चित्र उघडले की एकेका लेयरला सुमारे ४८ एमबी स्मृती लागते, आणि पाच लेयर झाले की २ जीबीचा संगणक गुदमरतो. सगळे फोटो आधीच १६०० बाय १२०० करून दिल्यावर तीच गरज आठ एमबीच्या आत आली आणि काम सुरळीत झाले.

मुलांनी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता, “बाई, पुसलं तर पांढरंच का दिसतं?” जेपीईजी फाइलमध्ये पारदर्शकता नसते, म्हणून पुसण्याआधी लेयरच्या मेन्यूतून ‘ॲड अल्फा चॅनल’ करून लेयरला पारदर्शकता द्यावी लागते. दुसरा प्रश्न घरी गेल्यावर यायचा, की फाइल मोबाइलवर उघडत नाही. ‘सेव्ह’ केले की गिम्प स्वतःची एक्ससीएफ फाइल करतो, ज्यात लेयर शाबूत राहतात. मोबाइलवर पाहायचे तर ‘एक्सपोर्ट ॲज’ मधून जेपीईजी काढावे लागते. टॅबची कळ चुकून दाबली की बाजूच्या सगळ्या पट्ट्या गायब होतात आणि मुले घाबरतात, तेव्हा तीच कळ पुन्हा दाबायची, हे मी फळ्यावर लिहून ठेवले होते.

एका मुलीने शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या लोखंडी खिळ्यांवर मंडईतील वांगी लावली, प्रत्येक खिळ्यावर एक. एकाच वांग्याच्या लेयरच्या प्रती काढून तिने त्या थोड्या लहान-मोठ्या केल्या, थोड्या फिरवल्या, त्यामुळे ती सगळी वेगवेगळी वाटतात. तरीही काहीतरी चुकते आहे असे तिचे तिलाच वाटत होते. दरवाजावर ऊन डावीकडून होते आणि वांग्यावरची चमक उजवीकडे होती. मी फक्त सावल्या कुठे पडल्या आहेत ते पाहायला सांगितले, आणि पाच मिनिटांत तिने वांगी आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटवली, खाली काळ्या रंगाचा धूसर लेयर ठेवून त्यांची सावलीही केली. तिचे पाहून शेजारच्या मुलाने नदीच्या पाण्यात उभा केलेला बसथांबा उलटवला, तर पाटीवरची अक्षरे उलटी झाली. मग त्याने पाटी तेवढी मूळ फोटोतून कापून पुन्हा बसवली. छापखान्यात नव्याने आलेल्या मुलांना प्रकाशाची दिशा पाहायला शिकवताना मला महिने लागत. इथे बारा वर्षांच्या मुलांनी ती एका शनिवारी पाहिली, याचा मला फार अभिमान वाटतो.

शेवटी चित्रे छापली. आकार आधी कमी केलेला असल्यामुळे ३०० पिक्सेल दर इंच या हिशेबाने १६०० पिक्सेलचे चित्र सव्वापाच इंचांपर्यंतच स्वच्छ येते, त्याहून मोठे छापायचा हट्ट धरू नये. १२ बाय १८ इंचांच्या एका कागदावर नऊ चित्रे बसली, म्हणजे ३६ मुलांची चित्रे चार कागदांत झाली, आणि ती दिवाळीच्या सुटीपर्यंत शाळेच्या जिन्यात लावलेली होती.

या वर्षी कक्षात विंडोज १० चे संगणक येणार आहेत. त्यांवर गिम्प ३.० बसवता येईल, म्हणून त्याची सीडी आणि दुसरे देणगीपत्र मी आत्ताच तयार करून मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवले आहे.